जाळीआडच्या मारुतीचे डोळे

मलकापूरच्या जुन्या वस्तीतील एका बोळात, दोन घरांच्या मधल्या कोनाड्यात एक मारुती आहे. त्याचे चांदीचे डोळे कोणी नेले, या प्रश्नाचे उत्तर तिथल्या पोलीस ठाण्याचा फौजदार म्हणून मला शोधायचे होते. त्या दुपारची आठवण निघाली की आजही मला स्वस्थ बसवत नाही.

ठाणे अंमलदाराकडे निनावी फोन आला होता: आदल्या दिवशी कोनाड्याला लोखंडी जाळी बसवणाऱ्या वेल्डरला विचारा. वेल्डर त्याच बोळातला, वयस्कर मुसलमान गृहस्थ. मी त्याला चौकशीसाठी बोलावले, तोवर ठाण्याच्या फाटकाशी जमाव जमला. त्याचे दुकान बोळातून उठवायचे, असे ठरवूनच लोक आले होते.

"साहेब, त्याले चहा काऊन पाजून राह्यले? दोन ठेवा कानाखाली!" खिडकीतून एका तरुणाने सुचवले.

मी खिडकी लावली. "चाचा, जाळी बसवताना डोळे होते?"

"नव्हते, साहेब. मले वाटलं, उजळायले काढले असतील."

"मूर्तीला हात लावला होता?"

"काऊन लावू? शेंदूर ओलाच होता. माह्या बाहीलेच लागला, हे पाहा."

या मारुतीला शेंदूर फक्त शनिवारी लावतात. जाळी बसली तो बुधवार होता. मी पुजाऱ्याला बोलावले.

"बुधवारी शेंदूर कोणी लावला?"

"सगळ्यायनंच, साहेब. जाळी लागली का हात पोचत नाही, म्हणून ज्यानं त्यानं आपला नवस फेडून घेतला. रांग लागली होती."

"डोळे सोडून लावतात ना?"

"हाव. पण कोनाड्यात अंधार, मागून ढकलाढकली..." बोलता बोलताच तो उठला आणि बोळाकडे निघाला.

वेल्डरला घेऊन मीही गेलो, मागोमाग जमावही आला. पंचांसमक्ष जाळीचे कुलूप काढले. पुजारी बांबूच्या कामटीने शेंदूर खरवडू लागला.   काही वेळाने एक डोळा चमकला, मग दुसरा.

"जाळी मी लावली बे," वेल्डर मघाशी खिडकीतून ओरडलेल्या त्या तरुणाला म्हणाला, "देवाले शेंदरात तुम्हीच बुडवलं."

तरुणाने मान खाली घातली. पंचनाम्यावर सह्या झाल्या आणि वेल्डरने तिथूनच जाऊन दुकान उघडले. गुन्हा दाखल झाला नाही.

वस्तू दिसत नाही आणि वस्तू चोरीला गेली, ही दोन निरनिराळी विधाने आहेत, हे मी त्यानंतर प्रत्येक नव्या शिपायाला शिकवले. वाचकांना विनंती एवढीच: घरातले काही दिसेनासे झाले, तर कोणाचे नाव घेण्यापूर्वी ते जिथे होते ती जागा हाताने चाचपून पाहा. माझे म्हणणे खरे की खोटे, हे तुम्हीच तपासा.