शेवटच्या कडव्यातली वर्षाली

वर्षालीताईला राग लवकर येत नाही, आणि एकदा आला की जात नाही. तिच्या लग्नात एका मामेसासऱ्यांनी वरण पातळ आहे असं म्हटलं होतं. आता घरच्या पंगतीत ते बसले की ताई त्यांच्या ताटात भाताच्या आधी वरण वाढते, आणि भात आणायला आत जाते ती जातेच. मामा बिचारे हाताचा बांध घालून वरण अडवत बसतात. ताईच्या चेहऱ्यावर आदर इतका असतो की तक्रार कुठं करणार?

मोझरीहून अमरावतीकडे येताना हायवे सोडून आत वळलं की आमचं गाव. ताईचं घर माळ्यांचं. वावरात गुलाब, शेवंती, निशिगंध. पहाटे फुलं तोडायची, सकाळच्या एसटीनं अमरावतीच्या फुलबाजारात न्यायची, दुपारपर्यंत परत. टोपल्या उचलायला आणि पडेल ते काम करायला तिच्याकडे मी. नवरा, नितेशभाऊ, अकोल्याच्या एका दालमिलमध्ये मशीनवर आहे. शनिवारी येतो, सोमवारी पहाटे जातो. मधले दिवस ताईला खंजेरीची सोबत. आमच्या भागात ती घराघरात आहे, पोरगं रांगायला लागलं की खुळखुळ्याच्या जागी तीच हातात देतात. गावच्या महिला भजन मंडळात ताई पुढं बसून गाते आणि बाकीच्या मागून झील धरतात, म्हणजे तिची ओळ उचलून फिरवतात.

भजनं म्हणता म्हणता ताईनं स्वतःचीही गाणी रचली. त्यातलं एक नितेशभाऊंवर:

शनवारच्या गाडीनं येजो राजा,
उघडाच ठेवते मी दरवाजा.

मंडळात हे गाणं पहिल्यांदा झालं तेव्हा केशवरावांनी नाक मुरडलं. केशवराव म्हणजे मंडळाचे अध्यक्ष. महिला मंडळाला पुरुष अध्यक्ष कसा, हे त्यांना कोणी विचारलेलं नाही आणि त्यांनी कोणाला सांगितलेलं नाही. त्यांची बायको पार्बताबाई तिथंच झील धरायला बसली होती. तिनं त्यांच्याकडे नुसतं बघितलं. पुढल्या कोजागिरीला केशवरावांनी स्वतःच त्या गाण्याची फर्माईश केली.

आता शुभम. हा आमच्याच आळीतला, लहानपणापासून मंडळात ढोलक वाजवायचा आणि खरं सांगायचं तर झकास वाजवायचा. अमरावतीला इंजिनिअरिंगला गेला आणि परत आला तो खांद्यावर गिटार आणि मानेवर केस घेऊन. फेब्रुवारी लागला की अमरावतीच्या कॅफेंमध्ये प्रेमाचा हंगाम सुरू होतो. टेबलं भिंतीला सरकवतात, कोपऱ्यात पाट मांडावा एवढं स्टेज मांडतात, त्याच्यावर एक स्टूल, एक माइक आणि एक शुभम.

गेल्या वर्षी त्या स्टुलावर बसून त्यानं ताईचं गाणं म्हटलं. चाल तीच, शब्द तेच, फक्त वेग निम्मा केला, म्हणजे प्रेमभंग झाल्यासारखं वाटावं. शेवटचं कडवं उडवून तिथं चार ओळी हिंदीत घातल्या. कोणीतरी ते मोबाइलवर काढलं आणि ते अमरावतीपासून अकोल्यापर्यंत फिरलं. खाली लिहिलं होतं, शब्द, संगीत आणि स्वर शुभम.

ताईला तेव्हाही राग आला नव्हता. पोट्टं आपलं आहे, कधी तरी सांगेल नाव, असं ती म्हणायची. राग आला तो यंदाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला. मंडळानं तेच गाणं म्हटलं आणि सरपंचांची पुतणी प्रणाली, जी अमरावतीला कॉलेजात आहे आणि स्वभावानं अगदी गरीब आहे, ती कौतुकानं म्हणाली, "काकू, शुभमदादाचं गानं तुमी किती मस्त बसवलं."

ताईनं खंजेरी मांडीवरून खाली ठेवली. तिळगूळ वाटला, सगळ्यांशी गोड बोलली. मी तिथं चहा नेऊन देत होतो, मला तेव्हाच कळलं की आता शुभमचं वरण वाढलं गेलं.

आधी ती रीतसर विचारायला गेली. शुभम घरीच होता. त्यानं ताईला खुर्ची दिली आणि समजावून सांगितलं की असली गाणी लोकगीतं असतात, लोकगीताला मालक नसतो. आणि शेवटचं कडवं का काढलं म्हणाल, तर कॅफेत प्रेमाच्या गाण्यात वर्षाली वगैरे नाव कसं चालेल?

"लोकगीत व्हाले रचनारं मरा लागते," ताई म्हणाली. "मी जित्ती हाय, शुभम."

तो हसला. म्हणाला, ताई तुमी लय मजाकी हाय. बस, एवढं हसणं त्याला महागात पडलं.

तिला काय पाहिजे होतं ते तिनं त्याच संध्याकाळी मंडळात सांगितलं. माफी नको, मोबाइलवरचं काढून टाकणंही नको. शुभमनं भर कॅफेत, माइकवर, स्वतःच्या तोंडानं तिचं नाव घ्यायचं. कोणी म्हणालं, आपणच जाऊन सांगू या सगळ्यांना. ताई म्हणाली, आपण सांगितलं तर आपण भांडखोर. त्यानंच सांगितलं पाहिजे.

ज्या 'ब्लू लँटर्न' कॅफेत शुभमचा कार्यक्रम ठरला होता, तिथल्या टेबलांवरचे गुलाब ताईच्याच वावरातले. कॅफेच्या मालकीण गीतांजली मॅडम ताईला ओळखत होत्या. अडचण एकच होती, चौदा फेब्रुवारीला तिथं फक्त जोडप्यांना प्रवेश. ताईनं त्यावर रात्रभर विचार वगैरे केला नाही. तिनं मंडळातल्या बायांना सांगितलं, आपापला नवरा धुवून आणा.

यंदा चौदा तारीख शनिवारीच आली. नितेशभाऊ बडनेऱ्याला उतरले ते थेट कॅफेच्या दारात, हातात डब्याची पिशवी. मी फुलांच्या टोपल्या उतरवत होतो. टोपल्यांत वर गुलाब होते आणि खाली खंजेऱ्या. दारावरच्या पोरानं टोपी-धोतरातले केशवराव आणि नऊवारीतल्या पार्बताबाई बघितल्या आणि तो जरा घुटमळला. म्हणाला, आजी, इथं फक्त कपल.

"मंग आमी कोन हाओ?" पार्बताबाई म्हणाली. "या मानसासंगं जलम गेला माहा, अजून कपल नाई झालो का?"

पोरगं बाजूला झालं. आत अंधारात निळे दिवे, लाल फुगे आणि कॉलेजची पोरं-पोरी एकमेकांच्या डोळ्यांत बघत बसलेली. त्यांच्या मधेमधे आमची जोडपी बसली. केशवरावांनी मेनू कार्ड लांब धरून पूर्ण वाचलं आणि चहा मागवला. नितेशभाऊंसमोर कोल्ड कॉफी आली. नळी कुठून धरायची हे ते बराच वेळ बघत होते आणि हळू आवाजात ताईला विनवत होते की आपण घरी जाऊ या, पोट्ट्याला माफ कर. ताई स्टेजकडे बघत होती.

अगदी पुढच्या टेबलावर आकांक्षा बसली होती. शुभमची मैत्रीण, त्याच्याच कॉलेजची. शुभमनं दोन-तीन गाणी म्हटली, मग डोळे मिटून सांगितलं की आता जे गाणं म्हणणार आहे ते आपण एका खास व्यक्तीसाठी लिहिलं आहे. सगळ्यांनी आकांक्षाकडे बघितलं. आकांक्षा लाजली. शुभमनं तार छेडली आणि सुरू केलं, शनवारच्या गाडीनं येजो राजा.

मंडळानं झील उचलली.

आधी हळू, टेबलावर बोटं वाजवत. कॅफेतल्या पोरांना वाटलं ठरवून केलंय, त्यांनी टाळ्या धरल्या. शुभमनं डोळे उघडले, गावची माणसं दिसली, क्षणभर दचकला, पण टाळ्या बघून खूश झाला. दुसरं कडवं झालं. टोपल्यांतून खंजेऱ्या निघाल्या. त्याचा निम्मा वेग पूर्ण झाला, मग दुप्पट झाला. प्रेमभंग कुठल्या कुठं गेला, पोरं खुर्चीत डोलायला लागली. शुभमनं हिंदी ओळींसाठी तोंड उघडलं आणि मागून पुन्हा आलं, उघडाच ठेवते मी दरवाजा.

आमच्याकडे रचणाऱ्याचं नाव शेवटच्या कडव्यात असतं, आणि ते नाव घेतल्याशिवाय गाणं खाली ठेवत नाहीत. गाणारा विसरला तर मागचे त्याला पुढं जाऊ देत नाहीत. पहिल्या दोन ओळी धरून फिरवत राहतात, नाव येईपर्यंत. शुभमला हे चांगलं माहीत होतं. कितीतरी रात्री त्यानं ढोलकवर ते फिरवणं तोललं होतं.

त्याला एक गोष्ट सोपी होती. गिटार थांबवायची, आभारी आहे म्हणायचं आणि उतरायचं. दुसऱ्या कोणत्याही गायकानं तेच केलं असतं. पण हे पोट्टं मंडळात वाढलेलं. झील चालू असताना वाजवणाऱ्यानं हात काढायचा नाही, हे त्याच्या हातात इतकं मुरलेलं की तोंड घाबरलं होतं आणि हात वाजवतच होता. उलट झील चढली तसा तो गिटारच्या लाकडावर ढोलकसारखी थाप द्यायला लागला. वाजवत वाजवत त्यानं माइकवर हसून सांगितलं की ही माझ्या गावची मंडळी, टाळ्या होऊन जाऊ द्या. टाळ्या झाल्या. झील चालूच. त्यानं हिंदी ओळ पुन्हा उचलली, केशवरावांनी ती अशी दाबली की पुढच्या टेबलावरचा फुगा फुटला. अर्थात फुगा कशानं फुटला ते सांगता येत नाही, पण केशवराव अजूनही श्रेय घेतात.

गात नव्हती ती एकटी ताई. ती खंजेरी वाजवत त्याच्याकडे बघत होती. नाव तिला स्वतः घेता आलं असतं, पार्बताबाईला घेता आलं असतं. ती कोणाला घेऊ देत नव्हती. कॉफ्या गार झाल्या. गीतांजली मॅडम काउंटरमागून पुढं आल्या आणि शुभमला हातानं खूण केली, आटप आता. आकांक्षाच्या चेहऱ्यावरचं लाजणं केव्हाच उतरलं होतं. शुभमच्या कपाळावरून घाम गिटारवर पडत होता. त्यानं ताईकडे बघितलं, जसं पोरगं मार खाताना आईकडे बघतं. ताईनं खंजेरीचा ठेका आणखी थोडा चढवला.

आणि मग त्यानं म्हटलं:

वर्षाली म्हने, नोको आनू साडी,
रिकाम्याच हातानं पकडजो गाडी.

एका थापेत सगळं बंद. इतकं शांत झालं की नितेशभाऊंची नळी रिकाम्या ग्लासात सुर्र वाजली ते सगळ्यांना ऐकू आलं.

आकांक्षानं विचारलं, "शुभम, वर्षाली कोण?"

ताई उभी राहिली, पदर खोचला. "मी," ती म्हणाली. "अन् राजा म्हंजे हे, कोल्ड कॉफीवाले."

पोरांनी जो गलका केला त्यात नितेशभाऊ टेबलाखाली जायचे तेवढे राहिले. आकांक्षानं पर्स उचलली आणि ती गेली. शुभम तिच्या मागं धावला नाही, कारण त्याच्या गळ्यात गिटारचा पट्टा अडकला होता.

बाहेर पार्किंगमध्ये तो ताईच्या पायाच पडला. म्हणाला, ताई, चुकलो, झालं ना आता? नितेशभाऊही म्हणाले, सोड आता, पोट्टं रडून राहिलं. ताई म्हणाली, रडू द्या, डोळे साफ होतात. आणि मग तिनं त्याला विचारलं की पुढल्या शनिवारी अकोल्याला त्याचा कार्यक्रम आहे म्हणतात, पोस्टरवर याच गाण्याचं नाव आहे म्हणतात, खरं का? शुभमनं मान हलवली.

तो कार्यक्रम झाला. नितेशभाऊंच्या दालमिलचे अर्धे लोक बायकांना घेऊन आले होते. स्टुलावर ताई बसली आणि शुभम मागं उभा राहून पार्बताबाईच्या शेजारी झील धरत होता. ताई एकेक ओळ त्याच्यासाठी थांबून म्हणायची, त्याला परत म्हणावी लागायची. शेवटच्या कडव्याला तर ती गायचीच नाही. मान वळवून त्याच्याकडे बघायची. तो म्हणायचा, वर्षाली म्हने. लोक टाळ्या वाजवायचे. ताई म्हणायची, ऐकू नाई आलं मागच्यायले, पुन्हा.

आता अमरावतीच्या, अकोल्याच्या कॅफेंतून या जोडीला बोलावणी येतात. लोक म्हणतात, ताईनं मोठ्या मनानं पोराला सोबत घेतलं. मला तिचं मन किती मोठं आहे ते माहीत आहे, त्यात शुभमसाठी बरीच जागा राखून ठेवलेली आहे.

परवा तो स्वतःचं नवीन गाणं घेऊन ताईकडे आला होता. मी ओट्यावर गुलाबाच्या जुड्या बांधत होतो. गाणं आकांक्षावर होतं, तिला परत बोलावणारं. त्यात चंद्र होता, समुद्र होता, आणि 'जुदाई' हा शब्द प्रत्येक ओळीत एकदा तरी होता. समुद्र त्यानं अजून पाहिलेला नाही. ताईनं डोळे मिटून पूर्ण ऐकलं, मधे एकदाही टोकलं नाही. शुभमला धीर आला. गाणं संपल्यावर त्यानं विचारलं, ताई, कसं वाटलं, काही बदलू का?

ताईनं बराच विचार केल्यासारखं केलं.

"बाकी काही नोको बदलू," ती म्हणाली. "फक्त शेवटच्या कडव्यात तुहं नाव टाक. नाईतर लोक म्हनतीन, हे बी माहंच हाय."