इंजिनात बसायला काय असतं

इतिहास उभ्याने घडतो, बसून घडत नाही. हे वाक्य माझं नाही. ब्रह्मपुरीला आमच्या शेजारी छोट्या गाडीचे, म्हणजे नॅरोगेज रेल्वेचे, एक निवृत्त ड्रायव्हर राहत, त्यांचं आहे. सगळी गल्ली त्यांना ड्रायव्हरभाऊ म्हणे. मी तिथल्या कॉलेजात इतिहास शिकवायचो. इतिहास बहुतेक वेळा बसलेल्या लोकांनी उभ्या असलेल्यांकडून करवून घेतला, असं माझं मत होतं. पण शेजारधर्म म्हणून मी मान डोलावत असे.

भाऊंच्या वाक्याला व्यवहारात एक अर्थ होता. अख्खी नोकरी आपण इंजिनात उभ्याने काढली, तेव्हा आता कुठेही उभं राहणार नाही, असं ते म्हणत. हातपंपावर नाही, रेशनच्या दुकानासमोर तर नाहीच. रॉकेलच्या रांगेत त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या बाई, उभ्या राहत. बाईंचे गुडघे गेलेले होते. रांगेत त्या एकदा या पायावर, एकदा त्या पायावर भार देत, आणि घरी आल्यावर दोन्ही पायांना एरंडाचं तेल चोळत.

सन ब्याऐंशी-त्र्याऐंशीच्या सुमाराला गावच्या मंडळाने भाऊंचा सत्कार करायचं ठरवलं. शाल-नारळ सगळ्यांनाच देतात, म्हणून त्यांच्या इंजिनाची हुबेहूब प्रतिकृती भेट द्यावी असं निघालं. मला लहानपणापासून लाकडाच्या गाड्या करायचा नाद. ते कुणीतरी फोडलं आणि काम माझ्याकडे आलं.

दोन इंचाला एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, हे प्रमाण मी धरलं. सुतारांच्या पट्टीवर सुताच्या खुणा असतातच, त्यामुळे डोकं चालवावं लागत नाही. अडीच फूट अंतरावरचे रूळ त्या हिशेबात दोन इंचांच्या आत आले. आरागिरणीतून सागाचे तुकडे आणले. बॉयलरला गडचिरोलीकडचा जाड बांबू नेमका बसला. मुलं तान्ह्या पोळ्याला ओढतात ते चाकांचे लाकडी बैल करणाऱ्या सुताराकडून चाकं घेतली. बैलाच्या चाकाला रूळ धरून ठेवणारी कड नसते, कारण बैलाला रुळावरून जायचं नसतं. ती मी डब्याच्या पत्र्याची लावली. रिव्हेटांसाठी सरसात एकेक मोहरी चिकटवून वर काळा रंग दिला. रिव्हेटांच्या जागा भाऊ आमच्या ओसरीवर खुर्चीत बसून सांगत. वाफेचा दांडा कुठे, शिट्टीची साखळी कुठे, त्यांना सगळं पाठ होतं.

एका संध्याकाळी बाई वाटीभर वाटाणे सोलत बाजूला बसल्या होत्या. त्या मलाही भाऊच म्हणत. त्यांनी बांबूच्या मागच्या रिकाम्या खोक्यात डोकावून मला विचारलं, "भाऊ, हे इथी उभे राहत काय?"

"हो, इथेच," मी म्हणालो.

"मंग बसाले काय असते इथी?"

"काई नसते," भाऊ म्हणाले. "मी तीस साल उभा होतो."

"तुमाले नाई इचारलं. भाऊले इचारून राह्यली."

मला माहीत नव्हतं. आणि माहीत नाही म्हटल्यावर मला चैन पडेना. बाईंनाही पडत नव्हतं, हे दिसत होतं. सोललेल्या वाटाण्यात त्यांनी दोनदा सालं टाकली. बसायला काही नसेल तर भाऊंचं म्हणणं खरं, आणि रॉकेलची रांग बाईंच्या नशिबी कायमची. असेल तर मग निराळंच.

मोजमापं घ्यायला मी नागभीडला गेलो. तिथे इंजिन पाणी घ्यायला थांबे. भाऊंची चिठ्ठी होती, म्हणून ड्युटीवरच्या ड्रायव्हरने मला वर चढू दिलं. आत माणूस वळला की कुठेतरी भाजतो, एवढीच जागा. बसायला खरोखरच काही नव्हतं. फक्त ड्रायव्हरच्या बाजूच्या पत्र्यावर दोन लोखंडी कड्या होत्या. गुडघ्याहून जराशा वर, एकमेकींपासून दीड फुटावर. सगळं इंजिन काजळीने काळं, आणि कड्या आतून घासून चांदीसारख्या.

"या कशाला?"

"थैली टांगाले."

"दोन कड्यांना एक थैली?"

"मोठी थैली असली तं."

"मग बसता कुठे?"

"बसाले टाइम कुठी भेटते, साहेब," तो म्हणाला, आणि शिट्टीच्या साखळीला हात घातला. शिट्टी झाल्यावर मला उतरावं लागलं.

सरकारी कार्यालयांच्या भिंतींवर मी पुष्कळ निरुपयोगी वस्तू पाहिल्या आहेत, पण त्या घासलेल्या नसतात. मी मॉडेलमध्ये कड्या एकमेकींपासून नऊ सुतांवर बसवल्या आणि त्या कशाला, हा प्रश्न सोडून दिला.

पुढच्या रविवारी भाऊंकडे मासे होते आणि मला जेवायला बोलावणं होतं. पुढच्या खोलीत बुद्धाची तसबीर, तिच्या बाजूच्या भिंतीला दोन खिळ्यांवर टांगलेला एक सागाचा पाट. भाऊ रोज त्यावर बसून जेवत. पाहुणा म्हणून तो त्या दिवशी मला दिला. निवृत्तीच्या दिवशी भाऊंनी तो पोत्यात गुंडाळून घरी आणला होता, हे बाई कौतुकाने सांगत. पाटाच्या एका लांब कडेला दोन लोखंडी हुक होते.

"हे हुक?" मी विचारलं.

"टांगाले," बाई म्हणाल्या. "आमच्या ह्यायले लय शिस्त."

खिशात टेप होताच. बाई भात आणायला आत वळल्या तेव्हा मी तो दोन हुकांमध्ये लावला. दीड फूट.

"सर," भाऊ हळूच म्हणाले, "मोजू नका. जेवा."

मी जेवलो. मासे फार चांगले झाले होते.

दुसऱ्या दिवशी भाऊ ओसरीवर आले आणि प्रथमच उभे राहिले. "इंजिनात सगळंच दाखवा लागते काय?"

"हुबेहूब म्हणाले आहेत मंडळवाले."

"कड्या थैलीच्या हायेत म्हणून सांगा."

"सांगणार नाही काहीच. विचारलं तर मॉडेलच दाखवीन."

"आन टप? टप पक्का बसवून टाका ना."

टप, म्हणजे इंजिनाचं छत, पक्का बसवायची मला सवय नव्हती. ज्याचं झाकण निघत नाही अशी प्रतिकृती म्हणजे पुतळा, आणि पुतळे करणारे गावात पुष्कळ होते. मी सागाच्या ढलपीची फळी केली, टाचण्या वाकवून हुक लावले, फळी कड्यांत अडकवली आणि खाली काडीचा टेकू दिला. वर टप नुसता ठेवला.

सत्काराला प्रमुख पाहुणे दीड तास उशिरा आले. त्यांनी इंजिन उचलून उलट्या दिशेने लोकांना दाखवलं आणि त्याला प्रगतीचा रथ म्हणाले. नंतर भाऊ बोलले. इतिहास उभ्याने घडतो, हे वाक्य आलं, टाळ्या झाल्या. बाईंना साडी-नारळ द्यायला वर बोलावलं. साडी घेऊन त्या खाली उतरायच्या ऐवजी टेबलापाशी थांबल्या. मंडळाचे अध्यक्ष आभार मानत होते. बाईंनी दोन बोटांनी टप उचलला, आत पाहिलं, बोटभर फळी काढून उलटी केली, हुक पाहिले. मग फळी परत कड्यांत अडकवली, काडी सरळ केली, टप ठेवला. पहिल्या रांगेतून भाऊ हे सगळं पाहत होते. सगळी सभा चालू असताना एवढं शांत बसलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

खाली उतरून बाई माझ्यापाशी आल्या. "चांगलं केलं, भाऊ. येकदम आमच्या पाटावानी."

घरी काय बोलणं झालं मला ठाऊक नाही. भिंत पातळ होती, पण काही ऐकू आलं नाही. पुढच्या सोमवारी रेशनच्या दुकानात रॉकेल आल्याची आरोळी गल्लीतून गेली. बाई दारात आल्या. एका हातात डबा, एका हातात पाट. दोन्ही त्यांनी भाऊंना दिले.

"जा," त्या म्हणाल्या. "बसून आना."

कॉलेजला जाताना मी दुकानावरून गेलो. भाऊ रांगेत पाटावर बसले होते. रांग सरकली की ते उठत, पाट हातभर पुढे ठेवत आणि पुन्हा बसत.