देवाचा घड
द्राक्षांच्या पेटीचा आंबटगोड वास आला की मला अजूनही राग येतो. लहानपणी नाशिकच्या आमच्या अंगणात द्राक्षाचा एकच वेल होता. त्यावरचा सगळ्यात भरदार घड आई जुन्या साडीच्या फडक्यात बांधून ठेवायची, पाखरांपासून आणि माझ्यापासून. "तो देवाचा," म्हणायची. मला गळालेले, चिरलेले मणी मिळायचे. एका वर्षी चर्चमधल्या कापणीच्या सणाला तिनं तो घड वेदीपर्यंत माझ्याच हाती धाडला. उपासनेनंतर नेहमीसारखा वाहिलेल्या वस्तूंचा लिलाव झाला. घड दुसऱ्याच बाईंनी घेतला आणि त्यांची मुलगी पायरीवर बसून माझ्यादेखत एकेक मणी खाऊ लागली. पण मला हेवा तिचा नाही, देवाचा वाटला. "देव तर खातसुद्धा नाही!" मी आईवर चिडले. "म्हणून त्याला उरलंसुरलं द्यायचं का गं?" ती म्हणाली. आता आई माझ्याकडेच असते. परवा बाजारातून मी खास तिच्यासाठी निवडून एक घड आणला. तिनं तो कौतुकानं फिरवून पाहिला आणि अलगद बाजूला ठेवला. "हा रविवारी चर्चला नेऊ," म्हणाली, आणि पिशवीच्या तळाशी गळून पडलेले मणी माझ्या हातावर ठेवले. "तू हे खा."