पान एक्केचाळीसवरचे डोळे

‘छायाचित्र कधीही खोटे बोलत नाही; ते काळाच्या भाळावर कोरलेले सत्य असते.’

त्या गौरवग्रंथाची प्रस्तावना या वाक्याने सुरू होत होती. सत्कार समितीच्या अध्यक्षांनी ती लिहिली होती, किंवा त्यांच्या वतीने कोणीतरी लिहिली होती. बाइंडिंगच्या खोलीत उभा राहून मी ते वाक्य पुन्हा वाचलं, कारण माझ्या दुसऱ्या हातात पान एक्केचाळीस होतं आणि त्यावरच्या बाईचे डोळे उघडे होते. मूळ फोटोत ते मिटलेले होते.

हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. ते अक्काताईंच्या लक्षात आलं. छापलेल्या मोठ्या कागदाला घड्या घालून त्याची पानं करायची, हे अक्काताईंचं काम. पाचशे प्रतींचा ग्रंथ त्यांच्या हाताखालून जात होता. मी सहज आत डोकावलो तेव्हा त्या म्हणाल्या, “सायेब, ही बाई लय टकामका बगतीया. हितनं म्होरं सगळी मानसं कशी आपापल्या नादात हायती. हिलाच काय झालंय?”

मी पान घेतलं आणि उजेडाला धरलं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. सांगलीच्या एका छापखान्यात मी ब्लॉक विभागाचा फोरमन होतो. ब्लॉक म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. फोटो शाईने जसाच्या तसा छापता येत नाही. एका बारीक जाळीतून त्याचा पुन्हा फोटो घ्यायचा. मग त्याचे ठिपके होतात. काळ्या जागी मोठे, उजळ जागी लहान. ते ठिपके जस्ताच्या पत्र्यावर आम्लाने कोरायचे आणि पत्रा लाकडावर ठोकायचा. हा झाला ब्लॉक. पहिलं प्रूफ निघालं की ठिपके बुजले नाहीत ना, हे भिंगातून बघून फोरमनने सही करायची. पान एक्केचाळीसच्या प्रूफवर माझी सही होती. ठिपके उत्तम होते.

ग्रंथ होता साताऱ्याचे फोटोग्राफर दत्तोपंत साबणे यांचा. वयाची पंचाहत्तरी, कामाची पन्नास वर्षं आणि त्यातून निवडलेले नव्वद फोटो. परदेशातल्या प्रदर्शनांत त्यांना पदकं मिळाली होती. साताऱ्यात त्यांना लोक पेन्शनीचे फोटो काढणारे म्हणून ओळखत. पंचाहत्तरी आल्यावर समिती स्थापन झाली, आणि समितीला ते थोर कलावंत असल्याचं कळलं.

मी रिटचिंगच्या, म्हणजे फोटोवर ब्रशने दुरुस्त्या करायच्या, टेबलाकडे गेलो. मूळ प्रिंट आमच्या रिटचरच्या, गणपतच्या खणात होती. चकचकीत कागदावर, मिटलेल्या पापण्यांवर, जलरंगाने दोन सुरेख डोळे काढलेले. बुबुळात उजेडाचा ठिपकासुद्धा होता.

“गणपत, हे काय केलंस?”

आष्ट्याच्या गणपतचा हात चांगला होता आणि मनात पाप नव्हतं. “काय झालं सायेब?”

“डोळे उघडायला कोणी सांगितलं होतं?”

“सांगाय कशाला पायजे? डोळं मिटल्याला फोटू आला की उघडून द्याचा. धा वर्सं त्येच करतोय की.”

हे खरं होतं. त्या काळी आमच्या भागात कितीतरी माणसांचा आयुष्यात एकच फोटो निघे, आणि तो माणूस गेल्यावर. घरचे लोक मयताला भिंतीला टेकवून बसवत, फोटोग्राफरला बोलावत. पण मिटलेल्या डोळ्यांचा फोटो घराच्या पुढच्या सोप्यात कसा लावायचा? मग तो आमच्याकडे येई आणि गणपत डोळे उघडून देई. पागोटं हवं असेल तर पागोटंही. कितीतरी घरांतले आजोबा गणपतच्या नजरेने नातवंडांकडे बघत होते.

“अरे, पण ही बाई झोपली आहे.”

“मला काय ठावं? झोपल्यालं असताना कोन फोटू काढून घेतंय, सायेब?”

मी प्रिंट उलटून बघितली. ‘ओरखडे तेवढे काढ’ एवढंच मी त्याला तोंडी सांगितलं होतं. प्रिंटला ‘रिटच नको’ अशी चिठ्ठी लावायला हवी होती. ते काम माझं.

मालकांकडे गेलो. बापूसाहेबांनी पान हातभर लांब धरून बघितलं.

“चांगलं आलंय की.”

“डोळे आपले आहेत.”

सगळं ऐकून त्यांनी चष्मा काढला. “कोणाला कळणार आहे?”

“दत्तोपंतांना.”

“ते सोडून?”

“अक्काताईंना कळलं.”

त्यांनी पान टेबलावर ठेवलं. “आर्ट पेपर किती उरलाय?”

“हा फॉर्म पुन्हा छापायचा तर शंभर प्रतींपुरता.”

फॉर्म म्हणजे एका मोठ्या कागदावर एकदम छापली जाणारी पानं. आर्ट पेपर, म्हणजे फोटोंचा गुळगुळीत कागद, तेव्हा मागितला आणि मिळाला असं होत नसे. मुंबईहून यायला महिने लागत. आम्ही तो मोजून, थोडा जास्तच मागवला होता. पण मधे समितीकडून मान्यवरांचे शुभसंदेश आले. प्रत्येक संदेशासोबत मान्यवराचा फोटो, आणि फोटो आर्ट पेपरवरच हवा. साखर कारखाने, बँका, संघ, महासंघ असं करत चोवीस पानं त्यात गेली. दत्तोपंतांच्या कामाचा कागद त्यांच्या गौरवात संपला. समारंभ आठ दिवसांवर होता आणि प्रमुख पाहुण्यांची तारीख हलणारी नव्हती.

“मग तुम्हीच जा साताऱ्याला,” बापूसाहेब म्हणाले. “समितीला नका सांगू. त्यांना सांगा. आणि आधी त्यांचा चहा होऊ द्या.”

दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी धरली. दोन पुठ्ठ्यांमध्ये बांधलेली ती प्रिंट मांडीवर, छापलेल्या पानांचा गठ्ठा वरच्या फळीवर. पेठ नाक्याच्या पुढे ऊन चढलं. उंब्रजला गाडीचं चाक बसलं आणि तासभर आम्ही रस्त्याच्या कडेला उभे राहिलो. मी तेव्हा चाळिशीत होतो, पण उभा राहिलो की साठीचा वाटायचो. त्या फोटोची मूळ काच, म्हणजे निगेटिव्ह, कधीच फुटली होती, आणि जगात त्याची हीच एक प्रिंट होती. हे मला माहीत नसतं तर बरं झालं असतं, असं सारखं वाटत होतं.

दत्तोपंतांच्या पुढच्या खोलीत स्टुडिओ, मागे घर. बाकावर दोन पेन्शनर सुभेदार टोप्या मांडीवर घेऊन बसले होते. त्यांचे फोटो होईपर्यंत मी थांबलो. आत गेल्यावर चहाची वाट न बघता पुठ्ठा सोडला. धीर राहिला नव्हता.

त्यांनी प्रिंट खिडकीशी नेली. ओरडले नाहीत. ओरडले असते तर सोपं गेलं असतं.

“बाकीची पानं आणलीयत?”

मी सगळ्या छापलेल्या फॉर्मची सुटी पानं आणली होती. त्यांनी ती जाजमावर ओळीने मांडली. या क्रमावरून त्यांचं समितीशी वाजलं होतं, ते आमच्याच ऑफिसात. समितीला ‘निसर्ग’, ‘श्रमजीवी’ आणि ‘मान्यवर’ असे विभाग हवे होते. दत्तोपंत म्हणाले होते, ज्या क्रमाने काढले त्या क्रमाने लावा, नाहीतर ग्रंथ राहू दे. मला तो म्हाताऱ्याचा हट्ट वाटला होता.

“पहिली चाळीस पानं बघा,” ते म्हणाले. “काय दिसतं?”

फौजेत निघालेले जवान, नवी जोडपी, वाईचे एक शास्त्री, लंगोट लावलेला पैलवान. “माणसं,” मी म्हणालो.

“सगळी माझ्याकडे बघतायत. मी ‘इकडे बघा’ म्हणायचो आणि ती बघायची. हा पोरगा उद्या लढाईवर निघालाय. त्याला किती गोष्टी बघायच्या असतील. पण फोटोग्राफरने सांगितलं म्हणून माझ्याकडे बघतोय.” मग त्यांनी एक्केचाळिसावर बोट ठेवलं. “हिला मी काही सांगितलं नव्हतं. खांबाला टेकून झोप लागली होती. त्यानंतर मी कधी कोणाला ‘इकडे बघा’ म्हटलं नाही. पोटापाण्याचे फोटो सोडून.”

मी पुढची पानं बघितली. गुऱ्हाळाच्या वाफेत अर्धे बुडालेले दोघे. माहुलीच्या घाटावर पाठमोरी धुणं पिळणारी बाई. स्टँडवर गाडी चुकलेला माणूस. कोणीच इकडे बघत नव्हतं. शेवटच्या दहा पानांत तर माणूसच नव्हता. दोरीवरचं धोतर, ओली पायरी, नुसती भिंत आणि तिच्यावर एक खिळा. नव्वद ब्लॉक माझ्या हाताखालून गेले होते. प्रत्येकाचे ठिपके मला पाठ होते. पण हा माणूस पानापानाने माणसांच्या समोरून बाजूला होत गेला, हे मी आज बघत होतो. आणि नेमकं तो वळला त्या जागी आम्ही दोन डोळे काढून ठेवले होते.

तेवढ्यात माई चहा घेऊन आल्या. दत्तोपंतांच्या पत्नी, म्हणजे पान एक्केचाळीस. त्यांनी वाकून प्रिंट बघितली.

“हा कधीचा? हा बरा आहे.”

“अगं, तो डोळा तुझा नाही.”

“नसू दे. उघडा तर आहे.” मग माझ्याकडे वळून, “तुम्ही केलंत का हो हे? बरं केलंत. दिल्लीला नाही, लंडनला नाही, जिथे तिथे यांनी मला झोपलेली पाठवली. पदकं यांना आणि लोकांना वाटायचं, बाई आळशी.”

“दमली होतीस तू.”

“दमणार नाही तर काय! घरात जावेचं बाळंतपण, वर यांच्या काचा धुवायच्या. जरा टेकले तर हे कॅमेरा घेऊन उभे! हाक मारून आत जाऊन पड म्हणाले असते तर?”

दत्तोपंत उठले. कापूस भिजवून, पिळून ते खिडकीशी बसले आणि पापणीवरून अगदी हलक्या हाताने फिरवू लागले. चकचकीत कागदात रंग मुरत नाही, हे मला माहीत होतं. तरी मी त्यांच्या बोटांवरून नजर काढली नाही. एक डोळा पुसला गेला.

माई म्हणाल्या, “आता डोळा मारतेय.”

दुसराही गेला. डाव्या पापणीवर पुसट डाग राहिला, पण झोप परत आली होती. माईंनी कपबशा उचलल्या. “झोपवलंत परत,” म्हणून त्या आत गेल्या.

मग मी अक्काताईंनी चूक कशी पकडली ते सांगितलं, आणि कागदाचं. पाचशेपैकी शंभरच प्रती दुरुस्त होतील. बाकीच्या चारशे तशाच जातील, नाहीतर समारंभ पुढे ढकलावा लागेल. वाईटात वाईट बोलणं ऐकायची माझी तयारी होती.

“शंभर?” ते म्हणाले. “एवढे लोक बघतात?”

समितीची सोनेरी काठाची निमंत्रणपत्रिका पालथी घालून ते तिच्या पाठीवर नावं लिहू लागले. एक नाव लिहिलं, मग तो माणूस गेल्याचं आठवून खोडलं. मधेच विचारलं, “घडी घालणाऱ्या त्या बाईंचं नाव काय म्हणालात?” मी सांगितलं, तेही त्यांनी लिहिलं. पत्रिकेची पाठ भरली नाही.

“या लोकांना मिटलेले डोळे द्यायचे. ते मी माझ्या हाताने देईन. उरलेल्या वाचनालयांना पाठवा. तिथे कंटाळून तरी कोणी बघेल.”

“आणि समिती? स्टेजवरचे पाहुणे?”

“त्यांना उघडे.”

“मला पण उघडे,” आतून आवाज आला. “दोन द्या. एक माहेरी पाठवायचीय.”

यादी त्यांनी स्वतःजवळ ठेवली. मी तीत डोकावलो नाही. तशी गरज वाटली नाही.

सांगलीला येऊन नवा ब्लॉक केला. या वेळी मूळ प्रिंट शेजारी ठेवून मग प्रूफवर सही केली. हे आमच्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात. मी ते पंधराव्या वर्षी शिकलो.

समारंभ साताऱ्यात थाटात झाला. सनई झाली, शाल झाली, श्रीफळ झालं. अध्यक्षांनी सत्य काळाच्या भाळावर कोरलं. प्रमुख पाहुण्यांनी ग्रंथ उघडून पान एक्केचाळीस सभेला दाखवलं आणि म्हणाले, “या डोळ्यांत मला महाराष्ट्राच्या मातेचं वात्सल्य दिसतं. असे डोळे टिपायला कॅमेरा पुरत नाही, साधना लागते.” टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिल्या रांगेत माई पदर सावरून ताठ बसल्या. हाराखालून दत्तोपंतांनी मान हलवली. होकारार्थी की नकारार्थी, ते हारामुळे कळलं नाही.

गर्दी ओसरल्यावर त्यांनी मला बोलावलं, खांद्यावर हात ठेवला आणि आपल्या हाताने एक प्रत दिली. “तुम्ही फार धावपळ केलीत,” म्हणाले. मला भरून आलं. पंधरा वर्षांत कोणा ग्रंथकाराने ब्लॉकवाल्याला प्रत दिली नव्हती.

परतीच्या गाडीत खिडकीजवळ जागा मिळाली. रुमालाने हात पुसून मी ग्रंथ उघडला आणि पान एक्केचाळीस काढलं.

बाई माझ्याकडे बघत होती.