बिनमिठाची विहीण

विहीणबाई स्वयंपाकघरात कोसळली आणि तिचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं. इस्पितळात डॉक्टरांनी तिला इंग्रजीत विचारलं, तिची मुलगी, म्हणजे माझी सून ल्युबा, हिने रशियनमध्ये विचारलं. विहीणबाई अडखळत बोलत होती, पण कोणाला काही कळेना. ल्युबा रडायला लागली. "आईची वाचा गेली."

मी म्हटलं, "वाचा नाही गेली. रशियन गेलं. ती आपल्या भाषेत बोलतेय. वारा नको म्हणतेय. तो एसी बंद करा."

एसी बंद केला. विहीणबाईने डोळे मिटले.

माझ्या मुलाने रशियात शिकताना ल्युबाशी लग्न केलं आणि ओमानमधल्या सोहारच्या पोलाद कारखान्यात नोकरी धरली. नातीला, नीनाला, सांभाळायला मी रत्नागिरीहून आले. विहीणबाई आली कामचाटकाहून, रशियाच्या पार पूर्वेच्या टोकावरून. ती इतेलमेन. नदीतल्या माशांवर जगणारे लोक. त्यांची भाषा बोलणारी मोजकीच म्हातारी माणसं उरली होती, त्यातली ही एक. विहिणीला अहोजाहो करतात. मी कधी केलं नाही. तिला कळलंच नसतं.

आल्या आल्या तिने सुरमई चिरून गॅलरीत टांगली. मीठ न लावता! त्यांच्याकडे गार वाराच मासा सुकवतो. सोहारच्या दमट हवेत दोन दिवसांत किडे पडले. मल्याळी वॉचमन नाक धरून वर आला. "अम्मा, अर्बाब गुस्सा करेगा! यल्ला, फेको!" अर्बाब म्हणजे तिथला मालक.

मी तिला म्हटलं, "बये, मीठ लाव."

नीनाने ते रशियनमध्ये सांगितलं आणि तिचं उत्तर आणलं, "आजी म्हणते, मीठच लावायचं तर मासा कशाला? मीठच खा."

पुढच्या खेपेला मी तिच्या नकळत खडेमीठ चोळलं. तिने चाखलं, थुंकलं, मला शिवी दिली आणि मग अख्खा तुकडा संपवला.

गॅलरीत काम करताना ती माझ्याशी तिच्या भाषेत बोलायची. घरात बाकी कोणाशी नाही. नीनाने कारण विचारलं तर म्हणाली, "हिला रशियनही कळत नाही. मग माझ्या आईची भाषा काय वाईट?" ती भाषा बोलली म्हणून शाळेत मास्तर तिला मारायचे. "मार मी खाल्ला. तो मुलीला कशाला देऊ?" म्हणून ल्युबाला तिने एक शब्द शिकवला नव्हता.

मी चौथी शिकलेली. भाषा शिकले असं म्हणणार नाही. मासा, सुरी, ऊन, वारा, पुरे, गप्प बस, एवढं दीड वर्षात कानात बसलं. इस्पितळात तेवढ्यावर भागवलं. ल्युबा दर वेळी माझ्याकडे बघायची. "आई, काय म्हणाली ती?" स्वतःच्या आईचं बोलणं सासूला विचारावं लागत होतं. तिला लाज वाटली. वाटायलाच हवी होती. पण मलाही निम्मं कळत नव्हतं, आणि विहीणबाई गेली असती तर त्या घरात उरले असते माझे ते चार शब्द.

तीन आठवड्यांनी रशियन परत आलं. तिने रशियनमध्ये चहा मागितला. ल्युबा म्हणाली, "नको. त्याच भाषेत माग. मला शिकव."

विहीणबाई म्हणाली, "आधी मासा चिरायला ये."

ल्युबा आजवर दुकानातून तुकडे करून आणणारी. गॅलरीत पाटावर बसली. विहीणबाईचा उजवा हात अजून नीट उचलला जात नव्हता, म्हणून ती डाव्या हाताने तिच्या मनगटावर चापट्या मारत शिकवायची. एक चूक, एक चापट, एक शब्द. नीना शेजारी वही घेऊन रशियन अक्षरांत लिहायची. कधी मला विचारायची, "आज्जी, हे... हा शब्द बरोबर आहे?" मी सांगायची, "मला काय विचारतेस? मीठ दे इकडे."

पहिली वही भरली, तशी नीनाने दुसरी आणली.

पुढच्या जूनमध्ये, त्यांच्या नदीत मासे चढायच्या वेळी, विहीणबाई घरी निघाली. ल्युबा आणि नीना सुट्टीपुरत्या तिच्याबरोबर. पिशवीत माझी खारवलेली सुरमई तिने मागून घेतली होती. मस्कतच्या विमानतळावर मी चाकाची खुर्ची मागवली. तिने मला आमचा गॅलरीतलाच शब्द तिच्या भाषेत ऐकवला, गप्प बस, आणि आपल्या पायांनी आत गेली.

विहीणबाई जगली.