जे शूट मी केलंच नव्हतं

आधीच सांगून टाकतो, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. धंदाच तसा आहे. धुळ्याला देवपुरात माझा छोटासा स्टुडिओ आहे, चौदा वर्षं लग्नांचे व्हिडिओ काढतोय. वर्षाकाठी दोन-चार जण तरी मोबाईल पुढे करून कुजबुजतात, "भाऊ, हे मागे पांढरं काय दिसतंय पहा ना..." मी त्यांना लेन्सवरची धूळ दाखवतो, चहा पाजतो आणि घरी पाठवतो. या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभवही मी हसत हसतच वाचत आलो. आता माझ्यावर कोणी हसलं तर तक्रार नाही. पण हे लिहिताना मला भीती वाटत नाहीये. लाज वाटतेय.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. बुकिंगला सहसा मुलीचे वडील किंवा मामा येतात, सोबत चार जण भाव करायला. स्नेहल (नाव बदललंय) एकटीच आली. मी लॅपटॉपवर माझे डेमो लावले — स्लो मोशन, धूर, फुगे, सगळा थाट. तिने मधेच थांबवलं.

"भाऊ, बाकी काही नाही आलं तरी चालेल. आबा आले पाहिजेत."

आबा म्हणजे तिचे आजोबा. आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलेले. आठ महिन्यांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. हो, नको, पाणी... तेवढेच शब्द उरले होते. डॉक्टरांनी फार आशा दाखवली नव्हती, म्हणून लग्न सहा महिने अलीकडे घेतलेलं. मी छातीवर हात ठेवून म्हणालो, "ताई, एक क्षण सुटणार नाही." माझ्या व्हिजिटिंग कार्डावरही हेच वाक्य छापलेलं आहे.

लग्न भडगावच्या जरा बाहेर, पाचोरा रोडवरच्या एका मंगल कार्यालयात होतं. बौद्ध पद्धतीचा मंगल परिणय. वंदना, प्रतिज्ञा, हार, पुष्पवृष्टी — तासाभरात विधी आटोपतो. आम्हा कॅमेरावाल्यांत याला हलकं काम म्हणतात, म्हणून जोडीदाराला न घेता मी एकटाच गेलो. पहाटे निघालेलो, पोटात दोन बिस्किटं. दीडच्या सुमारास विधी झाला, डीजे सुरू झाला आणि पंगतीतून वरण-बट्टीचा वास यायला लागला. पाहिलं तर नवरा-नवरी स्टेजवर आहेर घेत होते. आबा स्टेजखाली खुर्चीत, डोळे मिटलेले. म्हटलं, दहा मिनिटांत काय होतंय? मला अजून कोणी जेवायला बोलावलंही नव्हतं. मीच गुपचूप शेवटच्या टेबलाशी जाऊन बसलो. कॅमेरा बंद केला, लेन्सला झाकण लावलं आणि शेजारच्या खुर्चीवर ठेवला. माझ्या कॅमेऱ्याच्या हँडलला केशरी टेप गुंडाळलेली आहे. तेवढं लक्षात ठेवा, पुढे लागेल.

तिसरी बट्टी कुस्करून त्यावर तूप घेत होतो, तेवढ्यात स्नेहलचे वडील धावत आले. डोळे भरलेले.

"भाऊ, आबा बोलनात. पोरीना कानमा, पुरं वाक्य बोलनात. काढं ना तुम्ही?"

म्हणजे आबा बोलले होते. झालं असं होतं की स्नेहल आबांच्या पाया पडायला खाली उतरली, आणि आबांनी डाव्या हाताने तिला जवळ ओढून कानात काहीतरी सांगितलं. ओठ हलताना चार लोकांनी पाहिले. पण डीजे एवढा दणदणत होता की तिला स्वतःलाही शब्द कळले नाहीत.

मी घास गिळला आणि म्हणालो, "हो हो, काढलं ना. फक्त लाईट कमी पडला, एकदा परत घेऊ."

एकदा नाही, चार वेळा घेतलं. "आबा, इकडे बघा. ताई, थोडं झुका. हात डोक्यावर राहू द्या." हात काही राहत नव्हता. मग मी तिच्या वडिलांना फ्रेमच्या बाहेर खाली बसवलं आणि आबांचा कोपर धरायला लावला. आबा पुन्हा एक अक्षरही बोलले नाहीत. चौथ्या वेळी त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते मी झूम करून घेतलं. मनात म्हटलं, शॉट भारी आला. इतका नालायकपणा मी त्याआधी कधी केला नव्हता, आणि तेव्हा तो मला नालायकपणा वाटलाही नव्हता.

बाराव्या दिवशी आबा गेले.

त्यानंतर आठवड्याने स्नेहलचा फोन. "भाऊ, पूर्ण व्हिडिओ सावकाश द्या. पण आबा पहिल्या वेळी काय बोलले, तेवढं कापून पाठवता का? मला ऐकायचंय."

खरं सांगायची वेळ तीच होती. मी म्हणालो, "पाठवतो ताई. एडिटिंग चालू आहे." डोक्यात सगळं ठरलेलं — चौथा टेक द्यायचा, वर बासरी टाकायची आणि सांगायचं की डीजेमुळे आवाज खराब झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला दुकानात बसून कार्ड लावलं. विधीची शेवटची फाईल... आणि रीटेकची पहिली फाईल. दोघींच्या मध्ये आणखी एक फाईल होती. सव्वा मिनिटाची. वेळ एक वाजून बावन्न मिनिटं.

उघडली. आबा आणि स्नेहल, अगदी जवळून. जिथून ते दिसत होते तिथे डीजेचा माणसाएवढा स्पीकर उभा होता, तिथे कॅमेरा काय, उंदीरही शिरला नसता. आणि डीजेचा आवाजच नाही. नुसती पंख्याची घरघर आणि आबांचा श्वास. मग आबा बोलले, आमच्या अहिराणीत, हळू पण स्वच्छ.

"माय, मी बठ्ठं दखं. आते मी खूश शे."

सगळं पाहिलं म्हणे, आता खूश आहे. स्नेहल "काय आबा, काय?" म्हणतेय. आबांनी डावा हात उचलून पंगतीकडे बोट केलं. फ्रेम हळूहळू त्या बोटाच्या दिशेने वळायला लागली. चौदा वर्षांत इतका सरळ पॅन मला जमलेला नाही. आणि मागून आबांचा आवाज —

"तो कॅमेरावाला पोऱ्या सकायपाईन उभा शे. त्याले आधी जेवाले वाढ, माय."

फ्रेम जाऊन थांबली ती माझ्यावर, सकाळपासून उभ्या असलेल्या त्या पोऱ्यावर. मी मान खाली घालून बट्टी खातोय, मनगटावरून तूप ओघळतंय. शेजारच्या खुर्चीवर माझा कॅमेरा. केशरी टेप. लेन्सला झाकण.

दोनदा दुकानाचं शटर अर्धं ओढून परत वर केलं. पण खरी गोष्ट त्यानंतरची आहे. ती फाईल मी आहे तशी पाठवायला हवी होती. ते आबांचे शेवटचे शब्द होते आणि ते तिचे होते. मी काय केलं? "खूश शे"च्या पुढे कापलं. कोपऱ्यात पंगत दिसत होती म्हणून फ्रेमही छाटली. मी दिसायला नको होतो, बस.

क्लिप पाहून ती फोनवर खूप रडली. म्हणाली, "इतकं जवळून, इतकं शांतपणे काढलंत भाऊ. तुम्ही तिथे होतात हे आम्हाला कळलंही नाही."

मी म्हणालो, "आमचं कामच आहे ते, ताई."

दोन दिवसांनी मूळ फाईल बघायला गेलो तर ती कार्डावर नव्हती. फाईलींचे नंबर ओळीने, मध्ये जागासुद्धा नाही. रिकव्हरीचं सॉफ्टवेअर लावलं. त्याच्याही दोन वर्षं आधी पुसलेलं कोणाचं तरी हळदीचं शूट परत आलं, ती फाईल नाही. उरली फक्त मी कापून पाठवलेली वीस सेकंदं. कोणी म्हणेल पाहुण्याच्या मोबाईलवरचं असेल. मग ते माझ्या कार्डावर कसं आलं? कोणी म्हणेल कॅमेरा आपोआप चालू झाला. मग तो स्वतःलाच कसा दिसला? आबा असते तर हे ऐकून त्यांनी मला बाकावर उभं केलं असतं.

मला मात्र ते कापलेलं वाक्य सोडेना. पंगतीत बसलो की ऐकू यायचं. शेवटी मागच्या महिन्यात पाचोऱ्याला गेलो, तिच्या सासरी. दुपारची वेळ, ती एकटीच घरात होती. सगळं सांगितलं. बंद कॅमेरा, खोटं बोलणं, चार टेक, कापलेलं वाक्य. आबांचे शब्द जसेच्या तसे म्हणून दाखवले. ती शिव्या देईल, बाहेर काढेल, याची तयारी ठेवून गेलो होतो.

तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, "परत एकदा म्हणा ना."

मी परत म्हटलं.

"मग वाढलं होतं का तुम्हाला त्या दिवशी कोणी?"

"मी आधीच बसलो होतो ताई... माझं मीच घेतलं."

"म्हणजे आबांनी सांगितलेलं काम माझ्याकडून राहूनच गेलं." ती उठली. "बसा. वरण गरम करते."

मी नको नको म्हणत होतो, पण तोवर तिने ताट मांडलं होतं. दोन पोळ्या, वरण, वांग्याची भाजी. समोर उभी राहून वाढत होती. मी क्लिपमध्ये बसलो होतो तसाच बसलो, मान खाली घालून. ताटात काही टाकलं नाही.