क्लच कोण दाबणार?
डिझेलचा वास आला की मिशिगनमधलं ते ट्रॅक्टरचं दुकान आठवतं. शाळा अर्धवट सोडून इतक्या लांब आलेल्या मला काकांनी आपल्या फार्मवर काम दिलं होतं, आणि आता छोटा ट्रॅक्टर घ्यायचा होता. “गिअरचा की हायड्रोस्टॅटिक? तू सांग,” काका म्हणाले. हायड्रोस्टॅटिकला सारखा क्लच नको, पेडल दाबलं की चालला. मग काका स्वतःच चालवतील, माझी गरज काय, ही धास्ती वाटली. तरी त्यांचा दुखरा गुडघा बघून खरं तेच बोललो, “पेडलवालाच घ्या, काका.” त्यांनी गिअरचा घेतला. काकू भडकल्या, “अहो, या गुडघ्यानं क्लच कोण दाबणार?” काका हसले, “हा आहे ना! कुठे जातोय तो?” आता माझाही गुडघा कुरकुरतो, पण क्लच मीच दाबतो.